बाबा असते तर…

प्रिय दादा,

'अमेरिकन हिस्टरी एक्स' मला तूच दाखवलास, आठवतंय ना? २००० साल. आई-बाबा मालवणला गेलेले, आणि तू बोरीवलीच्या एल. टी. रोडवरच्या सीडीवाल्याकडून दोन व्हीसीडी भाड्याने आणलेल्या. मी बारावीत होते. ते इंग्रजी मला धड झेपत नव्हतं, म्हणून तू मध्येमध्ये चित्र थांबवून समजावत होतास. लॉस एंजेलिसमधला डेरेक व्हिनयार्ड, त्याच्या छातीवर गोंदलेलं हिटलरचं स्वस्तिक, त्याच्या मागेमागे फिरणारा धाकटा भाऊ डॅनी. जुने प्रसंग कृष्णधवल आणि आजचे रंगीत का, हेही तूच दाखवलंस. आणि एका ठिकाणी तू रिमोटने मागे गेलास आणि तोच प्रसंग मला पुन्हा बघायला लावलास.

जेवणाचं टेबल. सगळं कुटुंब बसलंय. वडील अग्निशमन दलात. डेरेक तेव्हा शाळेत आहे, डोक्यावर केस आहेत, हुशार आहे. डॉ. स्वीनी नावाच्या काळ्या शिक्षकावर खूश आहे, त्यांनी नेमलेल्या पुस्तकाबद्दल भरभरून बोलतोय. आणि वडील घास घेताघेता, आवाज जराही न चढवता, त्या कौतुकात विष कालवतात. चांगली पुस्तकं बाजूला सारून ही पुस्तकं कशाला? आमच्या तुकडीत दोन काळे आले, त्यांच्याहून जास्त गुण मिळवलेले गोरे बाहेर राहिले, हा कुठला न्याय? पोरगा आधी गोंधळतो. मग मान हलवतो.

"बघ," तू म्हणालास, "लोकांना वाटतं बापाला गोळी लागली म्हणून हा बिघडला. नाही. इथे बिघडला."

त्या एका वाक्याने मी समाजशास्त्राकडे वळले, दादा. हे तुला मी कधी सांगितलं नाही. आज अकरावीच्या वर्गात 'सामाजिकीकरण' शिकवताना मी पुस्तकातली व्याख्या नंतर देते, आधी ते टेबल सांगते. मूल भाषा शिकतं, चमचा धरायला शिकतं, देवाला नमस्कार करायला शिकतं, आणि त्याच ताटावर बसून कोण आपले आणि कोण परके हेही शिकतं. शिकवणारा शिकवतोय हे त्याला स्वतःलाही कळत नसतं. पोरं ऐकतात. एखादी मुलगी खाली बघते. मला कळतं की तिला तिच्या घरचं टेबल दिसलं.

आपल्याकडे टेबल नव्हतं. बाभईच्या त्या दीड खोलीत ताटं जमिनीवरच. १९९६ चा जून-जुलै. तुझी व्हीजेटीआयची जागा थोडक्यात हुकली, त्या आठवड्यातली जेवणं तुला आठवतात? आमटी-भात, तळलेला बांगडा, आणि बाबांचं ते बोलणं. "त्यांना चाळीस टक्क्यांत सीट, आणि आमच्या पोराने मरमर मरायचं." रोज तेच. आई वाढत राहायची. तू मान खाली घालून जेवायचास. बाबा वाईट माणूस नव्हते. शेजारच्या पोराच्या आजारपणात रात्रभर इस्पितळाच्या बाकड्यावर बसणारा माणूस तो. तुझ्यासाठी त्यांचा जीव तुटत होता आणि त्या तुटण्यातूनच ते बोलणं येत होतं. तिथेच तर सगळी अडचण आहे. द्वेष आपल्याला शत्रूच्या आवाजात शिकवला असता तर आपण तो केव्हाच झटकला असता. तो आला बाबांच्या आवाजात, आपल्या काळजीने भरलेला. मग तो सोडणं म्हणजे बाबांना सोडणं असं वाटू लागतं.

म्हणून त्या दिवशी फोनवर तू जे बोललास ते ऐकून मी एकदम १९९६ च्या त्या पानावर जाऊन बसले. तुझ्या भाचीचं लग्न ठरलं, मुलगा डॉक्टर आहे, घर बौद्ध आहे, एवढंच मी सांगितलं होतं. तू आधी विचारलंस, "कोट्यातून का?" मग थोडा वेळ गेला. मग म्हणालास, "मला स्वतःला काही नाही गं. पण बाबा असते तर त्यांना चाललं नसतं. मी नाही येणार." त्यानंतर तू माझे फोन घेत नाहीस. वहिनी घेते, तब्येत विचारते, ठेवते. तू फोन घेत नाहीस म्हणून हे पत्र. आणि छापायला दिलं ते यासाठी की बोरीवलीत आणि न्यू जर्सीत तुझ्यासारखे खूप दादा आहेत आणि त्यांच्या बहिणींचेही फोन उचलले जात नसतील.

तू अमेरिकेत गेल्यावर मला जे दिसलं नव्हतं ते तुझ्या डोळ्यांनी मी बघितलं. ते ऋण मोठं आहे. ११ सप्टेंबरनंतर चारच दिवसांनी अॅरिझोनात बलबीरसिंग सोढी नावाच्या पेट्रोलपंपवाल्याला पगडी बघून गोळी घातली, ही बातमी मला तुझ्याकडून कळली. १९८७ मध्ये जर्सी सिटीत टिकली लावणाऱ्यांच्या मागे लागलेली टोळी होती आणि त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदीला मारहाण करून ठार केलं, हे तिथल्या जुन्या लोकांकडून ऐकून तू मला सांगितलंस. २०१७ च्या फेब्रुवारीत कॅन्ससमधल्या ओलेथला श्रीनिवास कुचिभोटलाला बारमध्ये गोळी घातली, त्या रात्री तू मला फोन केलास. इथे पहाट होती. तू रडत होतास. म्हणालास, "माझ्यासारखाच इंजिनिअर गं. काम संपवून मित्राबरोबर बसला होता. त्याने काय केलं होतं?" त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आजही नाही. माणूस काय करतो याच्याशी त्या गोळीचा संबंधच नव्हता. तो कोण म्हणून जन्मला एवढंच तिला पुरेसं होतं.

त्याच्याही आधीचं सांगू? बाबा निवृत्तीच्या सुमारास जरा मोठं घर बघत होते. स्टेशनजवळची एक सोसायटी पसंत पडली. सेक्रेटरीने हसतहसत विचारलं, "मच्छी खाता का?" बाबांनी खरं सांगितलं. घर मिळालं नाही. तू तिकडून फोनवर किती संतापलास! हा वर्णद्वेष आहे, आपल्याच मुंबईत आपल्याला दार बंद, कोर्टात जायला हवं, किती काय काय. बरोबर होतं तुझं. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना मराठी म्हणून ऑफिसला जागा नाकारली तेव्हा तो व्हिडिओ तू घरच्या ग्रुपवर तीनदा टाकलास. तेही बरोबर. दार आपल्या तोंडावर लागलं की आवाज मोठा येतो. पण दादा, आपल्या हातात कडी असते तेव्हाचं काय?

"मला स्वतःला काही नाही" हे तुझं वाक्य मी वर्गात दरवर्षी शिकवते. रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९४९ साली माणसांचे चार प्रकार सांगितले: मनात पूर्वग्रह आहे की नाही, आणि वागण्यात भेदभाव आहे की नाही, यावरून पडणारे. मनातही नाही आणि वागण्यातही नाही, असे एक. दोन्हीकडे आहे, असे एक. मनात आहे पण कायद्याच्या धाकाने वागण्यात आणत नाहीत, असे तिसरे. आणि चौथा माणूस असा की मनात त्याच्या खरंच काही नसतं, पण चारचौघांत किंमत मोजायची वेळ आली की तो मुकाट्याने भेदभाव करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. हवा चांगली असेपर्यंतच उदार. तू तिथे उभा आहेस, दादा. वहिनीच्या माहेरचे, मंडळातले लोक, गावातले चुलते. एकेकाचं नाव तू त्या फोनवर घेतलंस. तुझं स्वतःचं नाव त्या यादीत नव्हतं. तरी मर्टनचं म्हणणं असं होतं की बदलाची खरी आशा याच माणसाकडून ठेवावी, कारण त्याला आतून टोचत असतं. तुला टोचतंय हे मला माहीत आहे. नाहीतर तू माझा फोन उचलून भांडला असतास.

२०२३ मध्ये सिएटलने शहराच्या कायद्यात जातीवरून भेदभावाला बंदी घातली, कॅलिफोर्नियात तसं विधेयक आलं, तेव्हा विरोधाच्या अर्जावर तू सही केलीस आणि मलाही पाठवलास. "अमेरिकेत कुठे आहे जात? उगाच आपली बदनामी." विधिमंडळाने मंजूर केलेल्या त्या विधेयकावर गव्हर्नर न्यूसम यांनी सही केली नाही. आधीचे कायदे पुरेसे आहेत, हे त्यांचं कारण. तू खूश झालास. मला एकच विचारायचंय. जात अमेरिकेत नाही म्हणतोस, तर न्यू जर्सीत बसून बोरीवलीतलं एक लग्न तू कशाच्या जोरावर नाकारलंस? विमानतळावर सामान तपासतात, त्यात ती सापडली नाही एवढंच.

तुझ्या घरापासून हडसन ओलांडली की कोलंबिया विद्यापीठ. मी आले होते तेव्हा तू मला तिथे घेऊन गेलास, आंबेडकरांचा पुतळा दाखवलास, फोटो काढलास. त्या विद्यापीठात १९१६ च्या मे महिन्यात पंचवीस वर्षांच्या त्या तरुणाने एक निबंध वाचला होता. त्याचा गाभा असा: जात टिकते ती अंतर्विवाहावर, आपल्यातच लग्न करण्याच्या नियमावर. बाकीचं सगळं त्याच्या आधाराने उभं. आपल्या मालवणचे घुर्ये, गोविंद सदाशिव घुर्ये, ज्यांनी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राच्या पिढ्या घडवल्या, त्यांनी १९३२ साली जात आणि वंश यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि जातीची लक्षणं सांगितली. त्यातही जेवणखाणाची बंधनं आहेत आणि लग्नाची आहेत. जेवणाची आपण बऱ्यापैकी सोडली. हॉटेलात आचाऱ्याची जात कोण विचारतो? लग्नाची सोडली नाहीत. २०११-१२ च्या भारतीय मानवी विकास सर्वेक्षणात जातीबाहेर लग्न झालेल्या स्त्रिया शंभरात पाच-सहाच निघाल्या. शंभर वर्षांनंतर हा हिशेब. आणि त्याही आधी, १८७३ साली, जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती काळ्यांना गुलामीतून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या माणसांना. इथल्या माणसाने तिकडे बघून शिकावं अशी त्यांची इच्छा होती. तिकडे गेलेला आपला माणूस इथलं घेऊन बसला.

'फँड्री' तर आपण दोघांनी एकत्र बघितला. २०१४ चा फेब्रुवारी, तू बाबांच्या वर्षश्राद्धाला आला होतास, आणि पिक्चर नुकताच लागला होता. नागराज मंजुळेंचा पहिला मोठा चित्रपट. जब्या, त्याचं शालूवरचं न बोललेलं प्रेम, ती न सापडणारी काळी चिमणी. किशोर कदमांचा कचरू, ज्याला गाव डुकरं धरायला बोलावतं. डुक्कर आता हाती लागणार एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि ते सगळे होते तिथे ताठ उभे राहतात. डुक्कर निघून जातं. आपल्या थिएटरात दोन-चार माणसं खुर्चीतून उठली, तू उठलास. मी तुझ्याकडे बघितलं, तुझे डोळे भरले होते. मग मेलेलं डुक्कर बांबूला बांधून शाळेच्या भिंतीसमोरून नेतात, भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई रंगवलेल्या. आणि शेवटी जब्याने भिरकावलेला तो दगड सरळ आपल्याकडे येतो, पडदा काळा होतो.

बाहेर आल्यावर तू बराच वेळ गप्प होतास. रिक्षाच्या रांगेत म्हणालास, "भयंकर आहे. गावाकडे अजून असं असतं."

दगड बोरीवलीच्या थिएटरात आला होता, दादा. तू तो गावाकडे पाठवून दिलास. तुझे अमेरिकन सहकारीही असंच म्हणतात ना, हे दक्षिणेत असतं, आमच्या इथे नाही? पुढच्याच वर्षी चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' लागला, त्यात तर सगळी मुंबईच आहे. गटारात उतरून मेलेला कामगार मुंबईचा, त्याच्या मरणासाठी आरोपी ठरवलेला शाहीर मुंबईचा, आणि खटला चालवणारी सरकारी वकील लोकलने घरी जाऊन स्वयंपाक करणारी, तुझ्या-माझ्यासारखी. सुट्टीच्या दिवशी ती कुटुंबाला घेऊन नाटकाला जाते, नाटकात परप्रांतीयाला हाकलतात, प्रेक्षक टाळ्या पिटतात. कुणी वाईट नाही तिथे. मला तो चित्रपट डेरेकच्या छातीवरच्या स्वस्तिकापेक्षा जास्त भीती घालतो. स्वस्तिक निदान दिसतं.

आता बाबांचं सांगते. जे तुला माहीत नाही ते.

बाबांच्या ट्रेनमधले काका तुला आठवत असतील. बोरीवलीहून सुटणारी सकाळची लोकल, एकच डबा, एकच बाक, पत्ते आणि भजनं. बांद्र्याच्या कचेरीतही दोघं एकाच मजल्यावर. वर्षानुवर्षं खांद्याला खांदा लावून प्रवास. आणि तरीही १९९६ मध्ये घरी ताटावर बाबा जे बोलायचे ते बोलायचेच. गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ साली लिहून ठेवलंय की नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाही. दोघांची पायरी समान हवी, काम सामाईक हवं, एकमेकांवाचून अडायला हवं, आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. लोकलच्या बाकावर पत्ते खेळायला यातलं फारसं काही लागत नाही.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस. गाड्या बंद, फोन बंद. तू तिकडून वेड्यासारखा फोन लावत होतास, आम्हालाच बाबांचा पत्ता नव्हता. ते आणि काका बांद्र्याहून चालत निघाले होते, छातीइतक्या पाण्यातून, एकमेकांचा हात धरून. जोगेश्वरीला काकांचं घर. तिथे बाबा दोन रात्री राहिले. काकांच्या आईने त्यांना गरम पिठलं-भात वाढला, त्यांचे कपडे पिळून चुलीच्या उबेला टाकले, स्वतःची गोधडी दिली. दिवे नव्हते. अंधारात कधीतरी काका म्हणाले, "कचेरीत माझ्यामागे मला कोटा म्हणतात ते मला ठाऊक आहे. तुम्हीही म्हणता." बाबांना काय बोलावं सुचेना. काकांनी पुढे काही विचारलं नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाले, "दाराकडून गार वारं येतंय, गोधडी ओढून घ्या."

तिसऱ्या दिवशी बाबा घरी आले ते काकांच्या शर्टात. ही गोष्ट त्यांनी आईला आणि मला सांगितली, आणि सांगताना ते भिंतीकडे बघत होते. तो शर्ट त्यांनी स्वतः धुतला, स्वतः इस्त्री केला. बाबांना इस्त्री येत नव्हती, कॉलर पिवळट झाली. मग नवा शर्ट आणून, दोन्ही घेऊन जोगेश्वरीला गेले.

चुटकीसरशी बदलले असं मी म्हणणार नाही. पुढेही कधीकधी जुनं काहीतरी तोंडातून निसटायचं, मग स्वतःच थांबायचे, विषय सोडून द्यायचे. पण "ते लोक" हे शब्द बंद झाले. निवृत्तीनंतर दोघं पहाटे नॅशनल पार्कात फिरायला जायचे, कान्हेरीच्या रस्त्याने. काकांनी त्यांना प्रबोधनकारांची पुस्तकं वाचायला दिली. सोडावाला लेनमधल्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात आपण इतकी नाटकं बघितली, पण ज्या माणसाचं नाव त्या इमारतीला आहे त्याने जातीवर काय कोरडे ओढलेत हे बाबांनी साठी उलटल्यावर वाचलं. १९२६ मध्ये दादरच्या सार्वजनिक गणपतीत अस्पृश्यांना हक्क मिळावा म्हणून ते कसे उभे राहिले, हे बाबा मला वाचून दाखवायचे. एका गणपतीला काकांचं सगळं कुटुंब आपल्याकडे पहिल्या पंगतीला बसलं. आत्या ताटावरून उठली, म्हणाली मी नंतर जेवेन. बाबा म्हणाले, "मग पुढच्या वर्षी ये." आवाज तोच, १९९६ चा, जराही न चढलेला.

तू तेव्हा इथे नव्हतास. रविवारच्या फोनवर बाबा तुझ्याशी गुडघ्यांबद्दल बोलायचे आणि तिकडच्या बर्फाबद्दल. हे सांगायची त्यांना लाज वाटत असेल, किंवा इतक्या लांबून कसं सांगावं हे कळत नसेल. म्हणून तुझ्याकडे राहिले ते जुने बाबा. तुरुंगातून सुटलेला डेरेक पार बदलून घरी येतो तेव्हा डॅनी जुन्या डेरेकची नक्कल करत असतो, आठवतं? तेच केस, तीच टोळी, तीच भाषा. मोठ्याने जे सोडलं ते धाकट्याने उचललं होतं. तुला हे मला समजावून सांगावं लागतंय याचंच वाईट वाटतं, कारण तो पिक्चर मला तू समजावला होतास.

त्या चित्रपटावर माझा एक राग आहे, तो इतक्या वर्षांत वाढतच गेलाय. तुरुंगाच्या लाँड्रीत डेरेकबरोबर चादरींच्या घड्या घालणारा तो काळा मुलगा, लामोंट. टीव्ही चोरला, पळापळीत तो पोलिसाच्या पायावर पडला, म्हणून त्याला सहा वर्षं. डेरेकने माणसं मारली, त्याला तीन. या आकड्यांतच सगळा वर्णद्वेष आहे. तो कुणा एकाच्या डोक्यात नाही, निकालपत्रात आहे. पण चित्रपट तिथे फार थांबत नाही. लामोंटचं काम डेरेकला हसवायचं, वाचवायचं आणि सुधारायचं. त्याची आई कोण, तो सुटल्यावर कुठे जाणार, कुणाला पर्वा नाही. मला बाबांच्या गोष्टीतही हेच खुपतं. काका चांगले होते म्हणून बाबा बदलले. नसते इतके चांगले तर? त्या रात्री ते चिडले असते, बाबांना चार शब्द सुनावले असते, तर त्यांचा मान कमी ठरला असता? आपल्याला माणसात आणण्याची हमाली त्यांनीच का करायची? 'फँड्री' मला म्हणूनच मोठा वाटतो. जब्या कुणालाही सुधारत नाही. दगड मारतो.

म्हणून तुझ्या होणाऱ्या भाचेजावयाचे गुण मी तुला सांगणार नाही. त्याला किती टक्के होते, कुठल्या यादीतून प्रवेश मिळाला, स्वभाव कसा, आईचा किती सांभाळ करतो, एकही अक्षर नाही. तो चांगला असो की साधा असो, तुझ्या भाचीने त्याला निवडलंय आणि त्याने तिला. आपल्यातलं एखादं स्थळ असतं तर तू त्याच्याकडे बारावीची मार्कशीट मागितली असतीस का?

लग्न नोंदणी पद्धतीने आहे, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. तीस दिवसांची नोटीस लागलीय. डिसेंबरात, तुझ्या नाताळच्या सुट्टीत बसेल अशीच तारीख मुलांनी मागितली. त्यानंतर बाभईतल्या हॉलमध्ये जेवण. त्याच्या आईची इच्छा त्रिशरण-पंचशील व्हावं, आपल्या आईची इच्छा मंगलाष्टकांची, आणि मुलांचं दोन्हीला हो आहे. पंगतीत मासे आहेत, आईने ठणकावून सांगितलंय.

त्या कायद्याप्रमाणे तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. पहिली आईची. दुसरी काका करणार आहेत, त्यांचे हात आता कापतात पण ते हो म्हणाले. तिसऱ्या जागी तुझ्या भाचीने कुणाचं नाव द्यायला नकार दिलाय. म्हणते, मामा करेल. मी तिला फोनचं सांगितलं नाही, दादा. ती रोज विचारते मामाचं तिकीट झालं का.

पासपोर्ट बरोबर आण, ओळखपत्र म्हणून लागेल. विमानतळावर मी येते.

तुझी,
धाकटी बहीण